बारा चाळीसचं परमिट

वादळ सकाळी सव्वानऊला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा सबस्टेशनमध्ये तिघं होते. ऑपरेटर, तिचे वडील आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे तिथले रखवालदार. फौजेतून ते साधे शिपाई म्हणूनच निवृत्त झाले होते, पण मिशांमुळे सगळे त्यांना सुभेदार म्हणायला लागले आणि ही फुकटची बढती त्यांनी कधी नाकारली नाही. वडील लाइनमन. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. मुलगी चौतीस वर्षांची, पाच वर्षं झाली इथे ऑपरेटर होऊन. बापलेक एकाच ठिकाणी, म्हणून लोकांना कौतुक होतं, पण ड्युटीवर वडील तिला "ऑपरेटर" अशीच हाक मारत. "पोरी" म्हणायचं ते घरी गेल्यावर, चपला काढल्यावर.

सबस्टेशन तसं लहानच. एक लांबट खोली, तिच्यात लोखंडी कपाटांसारखी ओळीने उभी असलेली पॅनेलं, आणि बाहेर खडी टाकलेल्या यार्डात दोन ट्रान्सफॉर्मर. मोठ्या केंद्राकडून एक लाइन आत यायची आणि इथून सहा फीडर, म्हणजे सहा वेगळ्या लाइनी, गावभर जायच्या. वरच्या ऑफिसच्या आदेशाने पाच फीडर पहाटेच बंद केले होते, तुटलेल्या तारांनी कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. फक्त हॉस्पिटलचा चालू ठेवला होता. समुद्र तिथून जेमतेम दीड किलोमीटर.

तीन तास वारा नुसता घोंघावत होता. यार्डाच्या कुंपणावर कुणाच्या तरी छपराचा पत्रा येऊन अडकला आणि कापड फडफडावं तसा फडफडत राहिला. ऑपरेटरचं लक्ष मात्र एकाच आवाजाकडे होतं, ट्रान्सफॉर्मरच्या गुंजनाकडे. तो आवाज आहे तोवर सगळं ठीक आहे, असं ती स्वतःला बजावत होती. आई दोन दिवस आधीच मावशीकडे गेली होती. घराचं दार लोखंडी पट्टी ठोकून बंद केलं होतं. आता घर आहे की नाही हे कुणाला ठाऊक!

बारा वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या पॅनेलमधून धाडकन आवाज आला. ब्रेकर पडला होता, म्हणजे लाइन आपोआप बंद झाली होती.

"झाड," वडील म्हणाले. "शाळेजवळचं. मी चार वेळा लिहून दिलं होतं, फांद्या छाटा म्हणून."

पाठोपाठ वाराही थांबला. कमी झाला नाही, थांबलाच. कुणीतरी दार लावून घ्यावं तसा. वर ढगात गोल भगदाड पडलं आणि यार्डातल्या डबक्यांवर चक्क ऊन आलं. सुभेदार बाहेर जाऊन वर बघून आले.

"संपलं वाटतं," ते म्हणाले.

"संपलं नाही. आपण मधोमध आहोत," वडील म्हणाले. "हा वादळाचा डोळा. आता उलट्या बाजूने येईल. समुद्राकडून."

तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा. जनरेटर तळघरात होता आणि तळघरात छातीभर पाणी शिरलं होतं. दोघं जण श्वासाच्या मशीनवर होते. एक म्हातारे आजोबा आणि परवा बाळंत झालेली एक बाई. मशीनची बॅटरी फार तर अर्धा तास टिकणार होती. पुढे नर्स हाताने फुगा दाबून श्वास देणार, पण तसं किती वेळ देणार?

वडिलांनी रबरी बूट चढवले. वायरलेसवर ऑपरेटरने वरच्या ऑफिसला विचारलं, डोळा किती वेळ आहे? पाऊण तास, तिथले साहेब म्हणाले. कदाचित कमीच.

"पुरतो," वडील म्हणाले. समोरच्या घरातल्या सुताराला त्यांनी हाक मारली. त्याच्याकडे झाड कापायची मशीनची करवत होती. तो मुकाट्याने आला. मग वडिलांनी परमिटचं पुस्तक पुढे ओढलं आणि कार्बन नीट बसवून सावकाश, ठसठशीत अक्षरांत लिहायला सुरुवात केली. कुठली लाइन, काय काम, माणसं किती.

"बाबा, जरा भरभर."

"परमिट भरभर लिहीत नाहीत, ऑपरेटर."

परमिटचा नियम लाइनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. लाइनमनने ऑपरेटरकडून लाइन लेखी मागून घ्यायची. ऑपरेटरने ती बंद करून, कुलूप लावून, त्याच्या हवाली करायची. आणि त्या माणसाने स्वतः येऊन, 'माझी सगळी माणसं लाइनवरून उतरली' असं सही करून परत देईपर्यंत त्या ब्रेकरला कुणीही हात लावायचा नाही. ऑपरेटरने ब्रेकरची चाकांवरची ट्रॉली पॅनेलमधून बाहेर ओढली, म्हणजे लाइनचा संबंधच तुटला, कुलूप घातलं, 'माणसं काम करत आहेत' ही पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. वेळ लिहिली, बारा चाळीस.

जाताना वडिलांनी मागे वळूनही पाहिलं नाही. उन्हात दोघं गुडघाभर पाण्यातून शाळेच्या दिशेने गेले. पलीकडून करवतीचा आवाज यायला लागला, तेव्हा ऑपरेटरला जरा हायसं वाटलं.

सव्वाला ऊन गेलं. समुद्राच्या अंगाने आधी एक लांब गुरगुर ऐकू आली, मग वारा आला. सकाळचा वारा परवडला असं वाटावं असा. खिडकीची काच फुटून आत येऊन पडली. करवतीचा आवाज कधी थांबला ते तिला कळलंच नाही. तिने वडिलांचा मोबाइल लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सुताराचाही बंद.

"येतील," सुभेदार म्हणाले. "कुठेतरी आडोशाला थांबले असतील. म्हातारा पक्का आहे."

दीडच्या सुमाराला दाराखालून पाणी आत आलं. पावसाचं नव्हतं. सुभेदारांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि ते थुंकले. खारट. समुद्र आत आला होता. पॅनेलं फूटभर उंच ओट्यावर होती. दोघांनी वाळूच्या गोणी दाराला लावल्या, तरी पाणी झिरपत राहिलं. ओट्याच्या कडेला खडूने रेघ मारून ती दर पाच मिनिटांनी बघत होती. पाणी बोटभर वर. आणखी बोटभर वर.

एक चाळीसला वायरलेसवर साहेब आले. "हॉस्पिटलचं काय झालं?"

"परमिट परत आलेलं नाही, साहेब."

"अजून नाही? तास झाला!"

"हो, साहेब."

"बरं. थांबा."

मग डॉक्टरांचा फोन. त्यांच्या आवाजामागे एक बाई मोठ्याने मोजत होती. "दाबा... सोडा... दाबा... सोडा." मशीनची बॅटरी संपली होती. दोन फुगे, तीन नर्सा, आळीपाळीने.

"बाई, किती वेळ लागेल ते तरी सांगा," डॉक्टर म्हणाले.

"सांगता येत नाही, डॉक्टर. माणसं लाइनवर आहेत."

"इथेही माणसंच आहेत हो."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खिशातली किल्ली इतकी घट्ट धरली आहे की तळहातावर तिचे दात उमटलेत.

दोन वीसला साहेब पुन्हा आले. या वेळी आवाजात घाई होती. पोलिसांची गाडी शाळेच्या वरच्या रस्त्याने गेली होती. त्यांनी कळवलं होतं की झाड कापून बाजूला पडलंय, तिथे कुणी दिसत नाही. "म्हणजे काम झालंय. ते दोघं कुठेतरी अडकलेत, एवढंच. लाइन चार्ज करा, वीज सोडा."

"सही आल्याशिवाय नाही करता येणार."

"अहो, मी सांगतोय ना! माझ्या जबाबदारीवर."

"तुम्ही तिथे नाही आहात, साहेब. मीही नाही. पोलीस गाडीतून बघून गेले. तारेवर कोण आहे ते गाडीतून दिसतं का?"

साहेब म्हणाले, "वडिलांच्या जागी दुसरा लाइनमन असता तर केली असतीत ना? वडील आहेत म्हणून हा हट्ट चाललाय."

हे तिला बरोबर वर्मी लागलं. तेच तर ती मघापासून स्वतःला विचारत होती. दुसरा कुणी असता तर? ती डोळे मिटून एकेकाचा चेहरा आठवायला लागली. उत्तरेच्या फीडरवरचा तो तंबाखू खाणारा. तो बोलघेवडा, ज्याची बायको डबा द्यायला स्वतः येते. ज्याच्याशी तिचं वर्षभर बोलणं बंद होतं तो. प्रत्येकाला तिने मनातल्या मनात त्या खांबावर चढवून पाहिलं.

"नसती केली," ती म्हणाली. "कुणीही असता तरी नाही."

"सुभेदारांना द्या."

सुभेदारांनी माइक घेतला. "बोला साहेब."

"किल्ली घेऊन ट्रॉली आत ढकला. मी सांगतो कसं करायचं ते."

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायाशी खेळणाऱ्या पाण्याकडे. "साहेब, मी रखवालदार," ते म्हणाले. "मला फक्त गेट उघडता येतं. तेसुद्धा आता वाऱ्याने नेलं." आणि त्यांनी माइक जागेवर ठेवून दिला.

तीन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. डॉक्टर हळू बोलत होते, जणू आता घाई उरली नव्हती.

"आजोबा गेले. मुद्दाम तुम्हाला सांगायला फोन नाही केला. पण बाळंतीण अजून आहे. दोन नर्सांच्या बोटांत गोळे आलेत. आता वॉर्डबॉय दाबतोय. एवढंच सांगायचं होतं."

ती खुर्चीवर बसली. पाणी खुर्चीच्या पायांना लागलं होतं, ओट्याच्या वरच्या कडेपासून चार बोटं खाली. आजोबा कसे दिसत असतील ते तिला माहीत नव्हतं. त्यांचं कोण कोण आहे तेही नाही. किल्ली खिशात, ब्रेकर तीन पावलांवर. ट्रॉली ढकलायची, हॅन्डल फिरवायचं, बटण दाबायचं. अर्धा मिनिट. वडील कदाचित शाळेच्या जिन्यात बसून बिडी ओढत असतील. असतीलच. आणि नसतील तर? ती उठली. सुभेदार तिच्याकडे बघत होते. ती ब्रेकरपर्यंत गेली, पाटी वाऱ्याने तिरकी झाली होती ती सरळ केली आणि पुन्हा येऊन बसली.

"सुभेदार, मला बोलत ठेवा," ती म्हणाली. "काहीही बोला."

सुभेदार बोलत राहिले. फौजेतल्या एका खेचराची गोष्ट, जे फक्त त्यांच्याच हातचं खायचं. ती हुंकार देत राहिली. त्यातलं एक अक्षर तिला नंतर आठवलं नाही.

चारच्या पुढे वाऱ्याची धार बोथट झाली. पाणी कडेपासून दोन बोटांवर येऊन थबकलं आणि मग हळूहळू उतरायला लागलं. चार पंचवीसला यार्डाच्या सखल टोकाला एक माणूस दिसला. कमरेइतक्या पाण्यात, एक हात वर धरून चालणारा. वर धरलेल्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली परमिटची प्रत होती.

"आले!" सुभेदार ओरडले आणि कधी नव्हे ते पळाले.

वडील आत आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. दोन्ही तळहात सोलून निघाले होते. ते खाली बसले नाहीत.

"लाइन मोकळी आहे," ते म्हणाले. "एक खांब कलला होता, तो दोर लावून ओढून घेतला, शाळेच्या खांबांना बांधलाय. तार उंच आहे. सुतार तिथे उभा आहे, कुणाला जवळ येऊ देत नाहीये. माणसं सगळी उतरली. चार्ज कर."

"सही," ती म्हणाली.

त्यांना पेन धरता येईना. सुभेदारांनी त्यांच्या बोटांत पेन बसवून धरलं आणि त्यांनी तशीच वेडीवाकडी सही केली. कागदावर लाल ठसा उमटला. ऑपरेटरने वेळ लिहिली, चार एकतीस. पाटी काढली. कुलूप काढताना किल्ली दोनदा भोकाच्या बाजूला घासली. ट्रॉली आत गेली. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली आणि तिने बटण दाबलं. ब्रेकर धाडकन बसला. काटा शून्यावरून उठला, थरथरला आणि स्थिर झाला.

मिनिटाभरात फोन आला. "आली," डॉक्टर म्हणाले. मागे आता कुणी मोजत नव्हतं.

मग वडील जमिनीवरच बसले, चिखलात, आणि त्यांनी काय झालं ते सांगितलं.

झाड वीस मिनिटांत कापून झालं होतं. निघणार तेवढ्यात वारा फिरला आणि समुद्राचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं. त्या वस्तीतली माणसं डोळ्याच्या शांततेला फसून घरी परतली होती, सामान बघायला. त्यांची घरं आणि शाळा यांच्यामध्ये एकच गल्ली, आणि गल्लीतून लोंढा वाहायला लागला. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळी ओट्यांवर चढून हाका मारत होती. त्याच वेळी एक खांब कलला आणि हॉस्पिटलच्या लाइनच्या तारा गल्लीवर छातीच्या उंचीला आल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"तेव्हा दोर नव्हता, तो नंतर शाळेत सापडला," वडील म्हणाले. "तारच होती. मी सुताराला पलीकडच्या टोकाला उभं केलं आणि एकेकाला तार धरायला लावली. हात सोडायचा नाही, खाली बघायचं नाही, सरकत सरकत या. सदतीस माणसं काढली. एक तान्हं होतं, ते मी शर्टात बांधून आणलं."

"अर्थिंगची साखळी?" तिने विचारलं. लाइन चुकून चालू झालीच तर वीज जमिनीत जावी म्हणून काम करताना ती साखळी तारेला लावतात.

"पहिल्याच लोंढ्याने नेली. दुसरी नव्हती."

"म्हणजे मी बटण दाबलं असतं तर..."

"तू दाबणार नव्हतीस."

"तुम्हाला काय माहीत?" ती एकदम ओरडली. सुभेदार दचकून मागे सरले. "तुम्हाला काय माहीत बाबा! साहेब ओरडत होते, डॉक्टर रडकुंडीला आले होते, एक माणूस मेला तिथे! मी उठले होते! त्या ब्रेकरपर्यंत गेले होते मी! सदतीस माणसं तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि मला सांगितलंही नाहीत!"

"सांगणार कसं?"

"मग असं करायचं नाही!"

"मग काय करायचं होतं, पोरी?" वडिलांनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं असा त्यांचा चेहरा होता. "ती माणसं ओरडत होती. मला माहीत होतं, सही गेल्याशिवाय तू चालू करणार नाहीस. दुसरं काहीच नक्की नव्हतं तिथे. तेवढं एकच नक्की होतं."

ती रडायला लागली. भीती आता आली होती, सगळी एकदम, काम संपल्यावर. ती त्यांच्या शेजारी खाली बसली. वडिलांना हातांनी काही धरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कोपराने तिला जवळ ओढलं आणि दोघं बराच वेळ तशीच चिखलात बसून राहिली.

चौकशी झाली, पण ती फार लांबली नाही. साहेब चौथ्या दिवशी स्वतः आले. गाळात बूट रुतत होते, तरी यार्डाला एक चक्कर मारली, पाण्याची रेघ बघितली. जाताना म्हणाले, "मी त्या दिवशी बोललो ते..." आणि वाक्य तिथेच सोडून बुटाचा गाळ झटकायला लागले. तिनेही ते पुरं करायला मदत केली नाही. घर शाबूत होतं, पण रात्री झोपेत ती रोज तेच बटण दाबत होती, आणि रोज तारेवरच्या माणसांचे हात चिकटून बसत होते. दचकून उठली की पलीकडच्या खोलीत वडील जागेच असायचे. तेही झोपत नव्हते, पण ते कबूल करत नव्हते.

पाचव्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये गेली. कशाला जातोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. बाळंतीण खाटेवर बसून बाळाला पाजत होती. तिला काहीच माहीत नव्हतं आणि ते बरंच होतं. व्हरांड्यातल्या बाकावर एक पोक्त नर्स बसली होती, उजव्या हाताला पट्टी गुंडाळलेली. बिस्किटांचा पुडा दातांनी फोडायची तिची खटपट चालली होती. ऑपरेटरने पुडा घेऊन फोडून दिला.

"तुम्ही कोण?" नर्सने विचारलं.

"सबस्टेशनची ऑपरेटर."

नर्सचं चावणं थांबलं. तिने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी त्या आजोबांचा फुगा दाबत होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. शुद्धीवर होते ते मधे मधे. माझ्याकडे बघायचे."

"त्यांचं कोण आहे?"

"मुलगी आहे. काल येऊन घेऊन गेली. विचारत होती, लाइट का नव्हती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, तारेवर माणसं होती." नर्सने बिस्कीट हातातच धरून ठेवलं. "किती होती हो?"

"सदतीस. आणि माझे वडील आणि एक सुतार."

नर्सने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पाण्याची रेघ होती, अजून ओली.

"तिला पत्ता देऊ का तुमचा?" तिने विचारलं. "कदाचित यावंसं वाटेल तिला. कदाचित भांडायलाही येईल."

"द्या," ऑपरेटर म्हणाली. "येऊ दे."

नर्सने बाकावर थोडं सरकून जागा केली आणि पुडा तिच्यापुढे धरला. ऑपरेटर बसली. तिने एक बिस्कीट घेतलं. वादळापासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती आणि त्याची तिला लाजही वाटत होती. आत कुठेतरी बाळ रडायला लागलं, आणि दोघी जणी ते गप्प होईपर्यंत ऐकत बसल्या.